हजेरीपट आणि वही

खानदेशातल्या भडगावात गिरणा नदीच्या पुलाकडे निघालं की वाटेत चार जण तरी विचारतात, ‘कथा चालना भो?’ म्हणजे, कुठे चाललास भाऊ? अहिराणीतला हा प्रश्न मायेचा आहे. उत्तर दिलं नाही तरी चालतं. पण विचारणाऱ्याच्या हाती सरकारी नोंदवही असेल आणि उत्तर न देणं हा गुन्हा ठरत असेल, तर त्याच शब्दांनी छातीत धस्स होतं. विसाव्या शतकाने जगाला दिलेल्या काळवंडलेल्या भविष्याच्या कादंबऱ्या, ज्यांना डिस्टोपिया म्हणतात, त्या मला या दोन प्रश्नांमधल्या अंतराच्या गोष्टी वाटतात.

रशियातल्या झाम्यातिनची ‘वुई’ 1924 साली आधी इंग्रजीत छापली गेली. तिच्यात माणसांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि घरं काचेची. तरी तिचा नायक स्वतःच्या नोंदी लिहीत राहतो. ऑरवेलच्या ‘1984’मध्ये (1949) विन्स्टनचा पहिला अपराध म्हणजे डायरी उघडणं. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट 451’मध्ये (1953) पुस्तकं जाळली जातात, तेव्हा माणसं ती तोंडपाठ करून जगवतात. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (1985) दासींना लिहिण्यावाचण्याची बंदी आहे आणि नायिकेची कहाणी मागे उरते ती कॅसेटींवर. प्रत्येक ठिकाणी झगडा दोन कागदांचा आहे. एक सत्तेचा हजेरीपट, दुसरी माणसाची वही. हजेरीपटात माणूस कुठे आहे एवढंच असतं. तो कोण आहे, हे वहीत.

1932 साली आल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आली. तिथे चाबूक लागत नाही. गोळी खाऊन सुखावलेल्या माणसांना स्वातंत्र्य हवंसंच वाटत नाही. त्याच वर्षी आमच्या शेजारी, धुळ्याच्या तुरुंगात, उलटं घडत होतं. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि अमळनेरच्या शाळेतून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी ते उतरवून घेत गेले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या लेखणीमुळे आपल्या हाती आहे. तुरुंगात रोज कैद्यांची मोजदाद होते. त्या मोजदादीच्या आतच ही वही भरत गेली. खानदेशने स्वातंत्र्याच्या साहित्याला दिलेलं हे मोठं दान आहे, असं मी मानतो.

पण वहीतले शब्दही सत्ता उचलून नेते. ऑरवेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीत 25 जून 1903चा. बरोबर बहात्तर वर्षांनी, 25 जून 1975च्या रात्री, देशात आणीबाणी आली. विनोबा तेव्हा मौनात होते. त्यांनी दाखवलेला महाभारतातला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवला. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला, की शासन राज्यकर्त्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. तोवर शब्दाचं काम करून झालं होतं. सत्ता भाषा कशी ताब्यात घेते हे समजायला आपल्याला लंडनची कादंबरी उघडावी लागत नाही. आणि प्रतिकारही इथलाच. 1975च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी यशवंतराव चव्हाणांसारख्या केंद्रीय मंत्र्याच्या उपस्थितीत जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948ला सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक त्या काळात सेन्सॉरशी झुंजत होतं. धुळ्याच्या तुरुंगात धरलेली लेखणी गुरुजींच्या मागेही कोणीतरी चालवत होतं.

मराठी लेखकांनी हे दुःस्वप्न बहुधा भविष्यात ढकललं नाही. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ (1972) पेशवाईत घडतं. रात्री पुण्यात फिरायला परवाना हवा, आणि परवाना देणाऱ्या कोतवालाला उभा करणारा नाना फडणवीस मागे सुरक्षित. रंगमंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांचीच भिंत होते. आपणच ती भिंत असतो, हे त्या प्रयोगाने दाखवलं, आणि म्हणून तो इतका झोंबला.

त्याहून खरं दुःस्वप्न कल्पनेतलं नव्हतंच. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. 1911च्या कायद्याने हा फास देशभर पसरला. पोलिसाकडे नाहीतर पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला पास, आणि सोलापूरला काटेरी तारांची वसाहत. ब्रह्मदेशात पाच वर्षं इंग्रजांच्या पोलिसात काढलेल्या ऑरवेलला साम्राज्याचा हजेरीपट आतून ठाऊक होता; आपल्याकडे तो हजारोंनी सोसला. 31 ऑगस्ट 1952ला कायदा गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (1987) भटक्या-विमुक्तांचं जगणं सांगतात. ज्यांच्याबद्दल फक्त इतरांनी लिहावं असा दंडक होता, त्यांनी स्वतःची वही उघडली. डिस्टोपियाच्या अभ्यासात ही पुस्तकं आली नाहीत, तर तो अभ्यास अपुरा आहे.

भविष्याकडे सरळ पाहणारी मराठी कादंबरी म्हणजे नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014). पाळत ठेवणारी यंत्रणा, तिच्याशी हातमिळवणी केलेला पैसा, घटत गेलेल्या मुली हे सगळं त्यांनी आजच्या धाग्यांतूनच विणलं. तिला 2020चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. घेणं-न घेणं आपल्या हाती ठेवणारा हा लेखक 2022 साली गेला.

आज भडगावचा शेतकरी कपाशीच्या, केळीच्या बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीसाठी मोबाईलवर फोटो काढतो. ही सोय आहे. पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे. नोंद वाईट नसते. माझी कसोटी इतकीच आहे: माझी नोंद मला वाचता येते का, चुकली तर दुरुस्त करून मिळते का, आणि मी ज्याला उत्तर देतो त्याला मलाही प्रश्न विचारता येतो का? गिरणेच्या पुलावर मी सहज उलट विचारू शकतो, ‘आणि तू कथा चालना भो?’ स्वातंत्र्य म्हणजे मला तरी हा उलट विचारलेला प्रश्नच वाटतो. जिथे तो विचारता येत नाही, तिथे वही उघडावी आणि लिहायला बसावं.