पिंजऱ्यातली वाटी आणि बोअरचं पाणी

यवतमाळच्या घरांत पाण्याची उतरंड ठरलेली असते. प्यायला आरओचं नाहीतर कॅनचं, स्वयंपाकाला नळाचं, धुण्याभांड्याला बोअरचं. पाखरांच्या वाटीत कोणतं जावं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. हाताशी जे असेल ते ओतलं जातं, आणि हाताशी बहुतेक वेळा बोअरचीच बादली असते.

माझ्याकडे बजरीगर आहेत. दुकानदार त्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात. (आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.) बजरीगराचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. दिवसभरात तो चमचाभर पाणी पितो. सगळ्या थव्याला दिवसाला पेलाभर पुरतं, म्हणून चांगलं पाणी परवडत नाही ही सबब इथे चालत नाही.

जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्टवर आहे. पूर्वेला वणी-झरीकडे चुनखडक आणि कोळशाचे थर लागतात. पांढरकवडा, झरी जामणी, वणी या पट्ट्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं. मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग हे तिथलं जुनं दुखणं. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल, तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात जास्तच दाट होतं. कँडल फिल्टरमधून ते सहज पार होतं. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. टीडीएस मीटरवरही भिस्त ठेवू नये. ते विरघळलेल्या सगळ्या क्षारांची ढोबळ बेरीज सांगतं. 600 टीडीएसच्या पाण्यात फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम आहे की तीन, ते त्या आकड्यावरून कळत नाही. बोअरचं पाणी माणसांच्या किंवा पाखरांच्या पोटात जाणार असेल, तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून आणावा. फ्लोराइड निघालं तर घरगुती उपायांत आरओ कामाचा.

आता ज्याने मला खरोखर वाईट वाटतं ते सांगतो. आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी लोक बादलीत धरतात. ते फेकवत नाही, हे चांगलंच आहे. पण उन्हाळा लागला की तेच पाणी गच्चीवरच्या मातीच्या परळात पाखरांसाठी ओततात. हिशेब करून पाहा. मशीनमध्ये चार लिटर गेलं, एक लिटर शुद्ध निघालं, तीन लिटर बाहेर पडलं. चार लिटरांतला जवळजवळ सगळा क्षार त्या तीन लिटरांत आला. मुळात 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर परळात ते 2 च्या घरात जातं. वर उन्हाने परळातलं पाणी उडत राहतं आणि क्षार आणखी साचतो. हे पाणी फरशी पुसायला वापरा, संडासात टाका. चिमण्यांच्या परळात नको, पिंजऱ्यात तर नकोच.

नळाचं पाणी तपासलेलं आणि स्वच्छ येत असेल तर बेलाशक द्यावं. क्लोरिनचा वास जास्त आला, तर रुंद तोंडाच्या गंजात, वर फडकं बांधून, काही तास ठेवलं की वास उडतो. पण क्लोरिनबरोबर त्याची राखणही जाते, म्हणून असं पाणी त्याच दिवशी संपवायचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आधी तुरटी फिरवतो, गाळ बसू देतो, वरचं पाणी अलगद काढून खळखळून उकळतो. कॅनचं पाणी नुसतं थंड आहे म्हणून शुद्ध समजू नये. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटली आणि शहर टँकरवर आलं. तेव्हापासून कॅनवाल्याला मी पहिला प्रश्न विचारतो, तो पाणी कुठून भरतो हाच.

एवढं करूनही पाणी खरं बिघडतं ते वाटीत. सकाळी स्वच्छ भरलेली वाटी दुपारी पाहावी. वर राळ्याची फोलं तरंगत असतात, कडेला विष्ठेचा ठिपका असतो, आणि बोट आतून फिरवलं तर तळ बुळबुळीत लागतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंचा थर. नुसतं पाणी बदलून तो निघत नाही, घासावाच लागतो. आदल्या दिवसाचं आरओचं पाणी अशा वाटीत उरलं असेल तर ताजं नळाचं पाणी त्याहून शंभर पटीने बरं. माझ्याकडे प्रत्येक पिंजऱ्याला स्टीलच्या दोन वाट्या आहेत. एक आत असते, दुसरी गरम पाण्याने घासून उन्हात पालथी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या वाट्या काढून टाकल्या, कारण पोटात गेलेलं जस्त पोपटवर्गीय पक्ष्यांना विषारी ठरतं. वाटी दांडीच्या खाली ठेवत नाही. बाजारातल्या औषधी पुड्याही पाण्यात मिसळत नाही. आजारी पाखरू पाणीच कमी पितं, मग औषध किती गेलं ते कळणार कसं?

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर काढतात, आणि त्यात पाणी खर्च होतं. तेव्हा वाटी दिवसातून तीनदा बदलतो. फ्रिजमधलं गार नाही, माठातलं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुवायचा तोही पिण्याच्या पाण्याने, कारण त्या ओल्या पानांवरचे थेंब ती वाटीआधी टिपतात. पिंजरा कूलरपाशी असेल तर कूलरच्या टाकीत वाटी बुडवून भरायचा मोह होतो, पण ते पाणी आठवडाभर साचलेलं, वाळ्याच्या ताट्यांतून पुन्हा पुन्हा फिरून दाट झालेलं असतं. वीज गेली आणि आरओ बंद पडला, तर काचेच्या बाटलीत कालचं झाकून ठेवलेलं पाणी त्या दिवसापुरतं पुरतं. बाटलीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी असली म्हणजे घरातल्या कुणालाही विचारावं लागत नाही.