हात वर झाला, पण ऐकू काहीच आले नव्हते

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरचा माणूस नकाशे घेऊन आला होता. डोक्यावर पंखे गरगरत होते, मागे मुले ओरडत होती, आणि एकाच वेळी चार-चार माणसे बोलत होती. शेवटी ठराव मांडला गेला. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा" असे सांगितले गेले, तेव्हा आमचे थोरले चुलते तात्या यांनीही हात वर केला. आम्हांला आश्चर्य वाटले. तात्या म्हणजे कागद दहा वेळा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. घरी आल्यावर आम्ही विचारले, "तात्या, घरभाडं किती महिने देणार हे त्यांनी सांगितलंच नाही. तरी तुम्ही हात वर केलात?" ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "मला काय ऐकायलाच आलं नाही रे बाबा. सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मी पण केला."

आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करतो. संमती कशाला म्हणावे, फसवून घेतलेली संमती कायद्यात टिकते का, यावर कोर्टात तासन् तास बोललो आहोत. आणि आमच्याच घरातला वडीलधारा माणूस न ऐकता होकार देत होता, याचा आम्हांला पत्ता नव्हता. असे किती होकार त्यांनी दिले असतील? बँकेत? दवाखान्यात? सातबाऱ्याच्या कामासाठी गावी गेले तेव्हा?

खुणा तशा पूर्वीपासून दिसत होत्या. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता. सून विचारायची एक आणि उत्तर यायचे भलतेच, मग पोरे हसायची. घरात निदान ठरलेले होते : तात्या हेकट झाले, विसराळू झाले, वय झाले. रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसणारे तात्या आधी मागे सरकले, मग दाराजवळ बसू लागले, मग यायचेच बंद झाले. 'गुडघे दुखतात' असे कारण सांगत. आम्हीही ते खरे मानले. कार्यकर्ता म्हणवणाऱ्या माणसाने एवढे तरी विचारायला हवे होते की गुडघे दुखणारा माणूस रोज सकाळी दीड मैल चालून दूध कसे आणतो!

२०२० साली मास्क आले तेव्हा तात्यांचे बोलणे एकदम तुटले. आम्हांला वाटले, कोरोनाच्या भीतीने मन खचले. खरे कारण नंतर त्यांनीच सांगितले. तात्या १९६७ पासून १९८२ च्या संपापर्यंत मुंबईच्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचा शब्दही कानी पडत नसे. तेथे कामगार ओठांवरून बोलणे ओळखत. ती विद्या तात्यांना पुढे कामी आली. कान जात राहिले आणि ते आमचे ओठ वाचत राहिले. मास्कने ओठ झाकले तेव्हा तोही आधार गेला.

त्या विणकाम खात्याचा आपल्या समाजाशी जुना संबंध आहे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात शिरू दिले जात नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. पुढे आपली माणसे त्या खात्यात शिरली, चार पैसे जास्त मिळवू लागली. मात्र जुन्या धोट्याच्या मागांचे खाते म्हणजे शंभर डेसिबलच्या आसपासचा गोंगाट. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. तात्यांना कोणी कानात घालायला काही दिले नाही. ते सुताचा बोळा कोंबत. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा व्यवसायजन्य रोग म्हणून कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट झालेला होता. आता तो विषय नव्या श्रमसंहितांत गेला आहे. पण तात्यांना भरपाई तर दूरच, कान तपासून घ्या असेही कधी कोणी सांगितले नाही. गिरणीच गेली, आता दाद कोणाकडे मागणार?

सभेच्या प्रसंगानंतर आम्ही हे काम मनावर घेतले आणि पहिलीच चूक केली. 'मोफत कान तपासणी' अशी पाटी पाहून एका दुकानात शिरलो. पंधरा मिनिटांत दोन मशीनचा ६५ हजारांचा भाव कागदावर लिहून मिळाला. कानात मळ आहे का, पडदा शाबूत आहे का, हे कोणी पाहिलेही नाही. बाहेर पडलो तर चुलतभावाने रेल्वे पुलाखालून आठशे रुपयांची डबी आणली. ती सगळेच आवाज सारखे मोठे करते, भांडी, हॉर्न, पंखा, सगळे. तात्यांनी दोन दिवसांत ती काढून टाकली आणि "मशीन लावून काही उपयोग नाही" हे मत पक्के केले. दुसऱ्यांदा त्यांना तयार करायला आम्हांला तीन महिने लागले.

म्हणून सांगतो, सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञापासून करावी. सरकारी रुग्णालयात हे होते. तात्यांच्या एका कानातून आधी मळाचा खडाच निघाला. एका रुग्णालयात मात्र रांगेत तीन तास गेले आणि नाव पुकारले ते तात्यांना ऐकूच आले नाही, नंबर गेला. तेव्हा आम्हांला वकील व्हावे लागले. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे, हे खिडकीवर शांतपणे सांगितले. काम झाले. कलम भिंतीवर लिहिलेले असते तर बरे झाले असते.

नंतर आम्ही तात्यांना वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत नेले. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. लोकलने जाता येते, पण आपल्या वस्त्यांत तिचे नाव किती जणांना माहीत आहे? तेथे तात्यांना बंद खोलीत बसवून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवले आणि आलेख काढला. दोन्ही कानांची सरासरी ५४ डेसिबल आली. आलेखाची रेघ उंच पट्टीकडे गेल्यावर कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. तपासणाऱ्या ताईंनी समजावले की अ, आ, ओ हे स्वर यांना ऐकू येतात. स, श, फ, ट, थ ही अक्षरे निसटतात. म्हणजे 'साठ' म्हटले की 'आठ' ऐकू येते. बोललेले कळते, पण काय बोलले ते कळत नाही. त्यात बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळातच उंच पट्टीचा. नात हाक मारते आणि आजोबा बघत नाहीत, ते यामुळे. आणि आपण ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात, निसटलेली अक्षरे निसटलेलीच राहतात. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, तो वेगळाच.

आता कायद्याकडे येऊ. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे 'ऐकू कमी येणे' आणि ७० च्या पुढे 'बहिरेपण', अशी व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र २०२१ च्या अहवालात चांगल्या कानातला ऱ्हास ३५ डेसिबलच्या पुढे गेला की त्या माणसाला मदतीची गरज आहे, असे धरते. अशी माणसे जगात ४३ कोटी आहेत, असे तोच अहवाल सांगतो. म्हणजे ३५ पासून ६० पर्यंतचा माणूस डॉक्टरांच्या लेखी रुग्ण, घरच्यांच्या लेखी हेकट, आणि कायद्याच्या लेखी धडधाकट! तात्या नेमके या फटीत सापडले. प्रमाणपत्र नाही, म्हणून दिव्यांगांचे ओळखपत्र नाही, आणि त्यावर अवलंबून असलेले कोणतेही साहाय्य नाही. वस्तुतः वयोमानाने किंवा गोंगाटाने ऐकणे कमी झालेली आपल्या घरांतली पुष्कळ माणसे याच फटीत आहेत. ही व्याख्या बदलून घेण्याची मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत आम्ही अजून वाचलेली नाही.

तरीही सगळी दारे बंद नाहीत. २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना साठीच्या पुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी आहे. तिच्यातल्या साधनांत श्रवणयंत्रही येते आणि वाटप शिबिरांतून होते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. तिच्यात ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद केली. तीन हजारांत चांगली मशीन येत नाही हे खरे, पण सेलचा खर्च निघतो. ज्यांचा ऱ्हास साठच्या पुढे आहे त्यांनी मात्र प्रमाणपत्र काढलेच पाहिजे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आम्ही आमच्या पालिकेकडे माहितीच्या अधिकारात विचारणा केली आहे की मागच्या तीन वर्षांत या निधीतून श्रवणयंत्रांवर किती रुपये खर्च झाले. वाचकांनी आपापल्या गावात हाच अर्ज करावा. अर्जाला दहा रुपये लागतात.

शिबिराची वाट न पाहता चुलतभाऊ, त्याची बहीण आणि आम्ही मिळून तात्यांची मशीन घेतली. कानाचा साचा घेऊन बसवलेली, आलेखाप्रमाणे जुळवलेली. आम्हांला वाटले, काम संपले. पहिल्या आठवड्यात तात्या म्हणाले, "भांडी डोक्यात वाजतात." सेल कसा बदलायचा ते बोटांना जमेना. पावसाळ्यात नळीत पाणी धरले. अशा वेळी माणूस मशीन कपाटात ठेवतो आणि पुन्हा दाराजवळ जाऊन बसतो. आमच्या माहितीत अशी तीन कपाटे आहेत.

येथे वस्तीतले लोक कामाला आले. बारावीतली एक मुलगी आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला एक मुलगा, या दोघांनी संस्थेत जाऊन साचा पुसणे, सेलवरची पट्टी काढून मिनिटभर थांबून तो बसवणे, ओलावा शोषणाऱ्या डबीत रात्री मशीन ठेवणे, हे शिकून घेतले. रविवारी सकाळी अर्धा तास ते दोघे विहारात बसतात. पहिल्या महिन्यात एकटे तात्या होते. आता सात जण येतात. पुन्हा जुळवणी करायला वांद्र्याला जाताना कोणीतरी सोबत जाते. विहारातही थोडे बदल केले. प्रवचनाच्या वेळी पुढचा पंखा बंद, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात, आणि "माझा आवाज मोठा आहे, माईक नको" असे म्हणणाऱ्या वक्त्यांना माईक घ्यावाच लागतो. यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी रुसले होते. सभेत एका वेळी एकानेच बोलायचे, हा नियम मात्र अजून पाळला जात नाही. आमच्याकडूनही नाही.

आणखी एक गोष्ट कडू आहे, तरी लिहितो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर जी पोरे रात्रभर नाचतात, ती विणकाम खात्याच्या गोंगाटात उभी असतात, तेही पगाराशिवाय. इतरांच्या मिरवणुकाही तशाच असतात, हे उत्तर आम्हांला पुरत नाही.

एक सूचना तातडीची. एका कानाने अचानक, एका-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ते म्हातारपण समजू नये. थेट तज्ज्ञ गाठावा, कारण सुरुवातीच्या दिवसांतच उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. विसराळूपणाचेही तसेच. ज्या कारणांवर उपाय करून स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करता येतो, त्यांत 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून ऐकू न येणे धरले आहे. तात्या विसराळू नव्हतेच. ज्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, त्या लक्षात कशा राहणार?

पुनर्विकासाची दुसरी सभा परवा झाली. आम्ही आधीच लेखी मागणी केली होती की प्रत्येक ठराव फळ्यावर लिहून मगच मतास टाकावा. तात्या पुढच्या रांगेत होते. घरभाड्याचा ठराव आला तेव्हा उठून त्यांनी विचारले, "पाऊस लांबला, काम थांबलं, तर भाडं थांबणार का?" बिल्डरच्या माणसाने उत्तर कागदावर लिहून देतो म्हटले आहे. अजून दिलेले नाही.

त्या सात जणांत बाई एकच आहे. बाकीच्यांना विचारले तर म्हणतात, "आम्हांला काय ऐकायचंय एवढं?" आमच्या काकीही चार वर्षे हेच म्हणत होत्या, आणि तात्यांच्या धावपळीत त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. त्यांची तपासणी येत्या मंगळवारी आहे.