आलेख वाचण्याआधी हे पाहा

● शीर्षक आणि एकक : आलेख कशाचा आहे आणि आकडे कशात मोजले आहेत, हे मुलांनी आधी वाचावे.

● चित्रालेख : प्रमाण तपासा. एक चित्र म्हणजे 10 पुस्तके असतील, तर अर्धे चित्र म्हणजे 5.

● स्तंभालेख : उभा अक्ष 0 पासून सुरू होतो का? तो 90 पासून सुरू केला, तर 94 चा स्तंभ 92 च्या दुप्पट उंच दिसतो.

● सरासरी : पाच मुलांनी 2, 3, 3, 4 आणि 18 गोष्टी वाचल्या. बेरीज 30, सरासरी 6. पण चौघांनी त्याहून कमीच वाचल्या आहेत. एकच मोठा आकडा सरासरी वर ओढतो.

● फलंदाजीची सरासरी : येथे एकूण धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात. डॉन ब्रॅडमन यांच्या कसोटीतील 6996 धावा ÷ 70 = 99.94.

● सर्वेक्षण : कोणाला विचारले, किती जणांना विचारले? फक्त मैदानावरच्या मुलांना आवडता छंद विचारला, तर ‘खेळ’ हेच उत्तर जास्त येणार.

वर्गातच एक छोटे सर्वेक्षण घ्या. आलेख मुलांनाच काढू द्या.