पार्सल चेंबूरला पोहोचतं, गोवंडीत का अडकतं? ऑनलाइन ऑर्डर, आपला पत्ता आणि ग्राहकाचा हक्क

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की गोवंडीत घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पार्सल आलं का?’ सकाळी मोबाइलवर मेसेज येतो की सामान डिलिव्हरीसाठी निघालं आहे. घरात कुणीतरी दिवसभर थांबतं. संध्याकाळी दुसरा मेसेज येतो, ‘ग्राहक उपलब्ध नव्हता.’ फोन आलेला नसतो, दारावर थापही पडलेली नसते, तरी नोंद मात्र होते. दोन-तीनदा असं झालं की पार्सल परत जातं. ईद होऊन जाते आणि पैसे परत मिळण्याची वाट पाहणं सुरू होतं.

हा त्रास फक्त ईदच्या कपड्यांपुरता नाही. कुणाच्या मुलीची नीट परीक्षेची पुस्तकं असतात, कुणाच्या अब्बूंच्या शुगर तपासायच्या पट्ट्या असतात, तर कुणाच्या घरच्या शिलाई मशीनचा पार्ट असतो. मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. म्हणून पार्सल कुठे अडकतं, आपण काय करू शकतो आणि कायदा आपल्याला काय देतो, हे नीट समजून घेऊ.

पार्सल नेमकं कुठे अडकतं?

मुंबईत येणारं बरंचसं ऑनलाइन सामान भिवंडीच्या गोदामांतून निघतं. तिथून ते छाटणी केंद्रात जातं, मग आपल्या भागाच्या डिलिव्हरी हबवर येतं आणि शेवटी डिलिव्हरी बॉयच्या बॅगेत. भिवंडी ते हब हा प्रवास ट्रकने होतो आणि साधारण वेळेत होतो. खरी अडचण हबपासून आपल्या दारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात येते.

डिलिव्हरी बॉयला बहुतेक ठिकाणी पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात. मोठ्या सोसायटीत तो गेटवर गाडी लावतो आणि एका फेरीत दहा पार्सल देऊन मोकळा होतो. बैंगनवाडीत किंवा रफिक नगरमध्ये गाडी रोडवरच लावावी लागते. मग गल्लीतून चालत जायचं, घर शोधायचं, लोखंडी शिडीने वरच्या खोलीपर्यंत चढायचं. तेवढ्या वेळात गाडीवरची बाकीची पार्सलं कोण सांभाळणार? वर घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडचा ट्रॅफिक आहेच. दिवस संपताना जे सामान उरतं त्याच्यासमोर ॲपमध्ये काहीतरी कारण टाकावंच लागतं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘पत्ता अपूर्ण’, ‘ग्राहकाने नकार दिला’ ही ती तयार कारणं. खोटी नोंद इथूनच निघते. ती चुकीचीच आहे, पण ती का होते हे कळलं की ती अडवायची कशी हेही कळतं.

पिन कोड पुरेसा का नाही?

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही कल्पना. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, यामुळे पत्रं चुकायची. त्यावर सहा आकड्यांचा हा तोडगा होता. ४०००४३ घ्या. पहिला ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग, ४०० म्हणजे मुंबई आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे.

म्हणजे पिन कोड पार्सल टपाल कार्यालयाच्या हद्दीपर्यंत आणतो. पुढची गल्ली आणि खोली तो सांगत नाही. पोस्टमन त्याच भागात वर्षानुवर्षं फिरायचा, त्याला नावावरून घर माहीत असायचं. कुरियरचा मुलगा आज इथे, उद्या मानखुर्दला. त्याच्या हातात फक्त लेबल आणि नकाशा असतो. आणि ‘शिवाजी नगर’ नावाच्या वस्त्या मुंबईत किती आहेत, हे वेगळं सांगायला नको.

पत्ता असा लिहा

आपल्याकडे पत्त्यात प्लॉट नंबर, लाइनचं अक्षर, रूम नंबर आणि रोड नंबर असतात. अनेक जण हे सगळं तिरक्या रेघा मारून एका ओळीत कोंबतात. नवख्या माणसाला त्यातला प्लॉट कुठला आणि रूम कुठली हे कळत नाही. त्यासाठी एवढं करा:

- प्रत्येक आकड्याआधी शब्द लिहा. प्लॉट नंबर अमुक, लाइन अमुक, रूम नंबर अमुक, रोड नंबर अमुक.
- खोली तळमजल्यावर आहे की वर, हे लिहा.
- खूण अशी द्या जी मेन रोडवरून दिसते. ‘मशिदीजवळ’ एवढं पुरत नाही, मशिदीचं नाव आणि कुठल्या बाजूची गल्ली तेही हवं.
- भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचं किंवा खालच्या दुकानाचं नाव टाका.
- दिवसा घरी जो असतो त्याचा मोबाइल नंबर द्या. ऑर्डर करणारा मुलगा कामावर आणि फोन सायलेंटवर, असं असेल तर पार्सल परत जाणारच.
- ॲपमध्ये नकाशावरची खूण स्वतः बोट लावून सरकवा. अरुंद गल्लीत मोबाइलचं लोकेशन बऱ्याचदा मेन रोडवर किंवा मागच्या लाइनवर पडतं.

शक्य असेल तिथे पार्सल ओळखीच्या दुकानावर किंवा कामाच्या ठिकाणी मागवा. दुकानदाराला मात्र आधी विचारा.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. यात देशाच्या नकाशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिला आहे. चार मीटर म्हणजे जवळपास तेरा फूट, आपल्याकडच्या एका खोलीएवढंच. ज्या वस्तीला नीट रस्त्याचं नाव नाही तिच्यासाठी ही कामाची गोष्ट आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. खालच्या आणि वरच्या खोलीचा कोड एकच येणार, म्हणून मजला लिहावाच लागेल. आणि डिजिपिन पिन कोडच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. दोन्ही लिहा.

वस्तीवरच फुली मारली असेल तर?

काही वेळा पत्ता अगदी बरोबर असतो, तरी ॲप सांगतं, ‘या पिन कोडवर सेवा उपलब्ध नाही.’ किंवा शेजारच्या चेंबूरला कॅश ऑन डिलिव्हरी मिळते आणि आपल्याला आधी पैसे भरायला सांगितलं जातं. लोकांच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, आमची वस्ती बघून हे होतंय का?

हा संशय हवेतला नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिमबहुल भागांना ‘नकारात्मक’ क्षेत्र ठरवून ठेवलं आहे आणि तिथे कर्ज व इतर सुविधा सहज मिळत नाहीत. अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या त्याच दिवशी पोहोचणाऱ्या डिलिव्हरीचे नकाशे तपासले. बोस्टन शहरात रॉक्सबरी या कृष्णवर्णीयबहुल भागाच्या चारही बाजूंना ती सेवा होती, फक्त रॉक्सबरीत नव्हती. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही वंश बघत नाही, गिऱ्हाईक आणि अंतराचा हिशेब बघतो. पण जिथे आधीच गरिबी आणि उपेक्षा आहे तिथे अशा हिशेबाचं उत्तर तेच येतं. बातमीनंतर काही दिवसांतच कंपनीने रॉक्सबरीत सेवा द्यायचं जाहीर केलं.

रॉक्सबरीचं काम नकाशा आणि आकडे समोर ठेवल्यावर झालं. गोवंडीतही ‘आमच्याकडे पार्सल येतच नाही’ असं नुसतं म्हणून चालणार नाही. प्रत्येक गल्लीत एक वही ठेवता येईल. त्यात ऑर्डरची तारीख, सांगितलेली तारीख, ॲपमध्ये नोंदलेलं कारण आणि फोन आला होता का, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होईल. त्रास पत्त्याचा आहे, एखाद्या हबचा आहे की पूर्ण पिन कोडचा, ते कळेल.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि लगेच ई-कॉमर्सचे नियमही आले. त्यातल्या या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात:

- सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. पूर किंवा तशाच आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तरच अपवाद. म्हणून ऑर्डर करतानाच डिलिव्हरीच्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ती तारीख नंतर ॲपमध्ये बदलते.
- कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं.
- प्रत्येक तक्रारीला नंबर मिळाला पाहिजे. ‘सर, आम्ही बघतो’ हे उत्तर नाही, नंबर मागा.
- ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत’ असं ॲप म्हणत असेल तर विक्रेत्याची माहिती लेखी मागा. ती द्यावी लागते.

एक शंका नेहमी विचारली जाते. घरी जरीकाम किंवा शिलाई करणाऱ्या बहिणीने मशीन मागवली तर ती ग्राहक की व्यापारी? स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायद्याच्या नजरेत ती ग्राहकच आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी ॲपमध्ये, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ईमेलने. तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. छोट्या रकमेचे पैसे अडकले असतील तर आधी इथेच प्रयत्न करावा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपला जिल्हा मुंबई उपनगर. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. ऑर्डरची पावती, स्क्रीनशॉट, तक्रार नंबर आणि कॉल लॉग जोडा. ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ अशी नोंद असलेल्या दिवशी एकही कॉल आलेला नाही, हे कॉल लॉगच सांगतो.

आणि त्रास पूर्ण वस्तीचा असेल तर? अनेक ग्राहकांच्या हक्कावर गदा येत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देण्याची सोय याच कायद्यात आहे. वर सांगितलेली वही इथे कामाला येते.

खोट्या मेसेजपासून सावध

पार्सलची वाट पाहणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं. ‘तुमचा पत्ता अपूर्ण आहे, ४८ तासांत या लिंकवर दुरुस्त करा’ असे टपाल खात्याच्या नावाचे मेसेज देशभर फिरले आणि ते खोटे असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलं. लिंकवर पाच-दहा रुपये भरायला सांगतात आणि कार्डाची माहिती चोरतात. पत्ता बदलायचा तर फक्त मूळ ॲपमध्ये जाऊन बदला. पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, एकेक मिनिट महत्त्वाचा असतो.

दारावर येणारा मुलगा

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. बॅग पाठीवर घेऊन फिरणारा हा मुलगा बऱ्याचदा आपल्याच गोवंडी-मानखुर्दचा असतो. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा त्यांची कायदेशीर व्याख्या आली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची अशी तरतूद त्यात आहे. आपल्या घरातला कुणी हे काम करत असेल तर त्याची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली आहे का, ते आजच विचारा.

भांडण त्या मुलाशी करू नका. पार्सल हातात घेऊन तो चार मजले चढला असेल तर पाणी विचारा. खोटी नोंद झाली असेल तर मात्र गप्प बसू नका, तक्रार कंपनीकडे करा, नंबर घ्या आणि महिन्याची मुदत मोजा. चेंबूरला जो नियम आहे तोच गोवंडीला आहे.