चिंचोक्यावरचे फूल आणि घरातले रांगते मूल

दिवाळीच्या सुट्टीत काही घरांतून एक छान उद्योग चाललेला दिसतो. मुले खोडरबरावर नक्षी कोरून चिमुकला ठसा करतात (कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे), शाईच्या पॅडवर टेकवून तो शिंपला, चपटा गोटा, लाकडी बटण, चिंचोका अशा वस्तूंवर उमटवतात आणि बारीक ब्रशने रंग भरतात. चिंचोक्याला आधी पांढरा हात द्यावा लागतो, नाही तर ठसा दिसत नाही, असे चौथीतल्या एका कलाकाराने मला समजावून सांगितले. छंद उत्तम आहे. बोटांना वळण लागते, मूल तासभर एका जागी बसते.

काळजी वाटते ती त्याच खोलीत रांगणाऱ्या धाकट्या भावंडाची. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते. रंगीत असेल तर आधी. हसताना, रडताना वस्तू श्वासनलिकेत जाते.

सव्वा वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली होती. खेळताना एकदम ठसका लागला, जीव घाबरा झाला आणि पाच मिनिटांत सारे शांत. घरच्यांना वाटले, टळले. मग आठ दिवस खोकला, आजीचे काढे चालू. तपासताना उजव्या बाजूला हवा कमी जात होती. शहरात पाठवले, दुर्बिणीतून चिंचोक्याचा तुकडा निघाला. असा ठसका लागून गेल्यावर मूल बरे दिसले तरी ते डॉक्टरांना सांगावेच. बी किंवा प्लॅस्टिकचे बटण एक्स-रेत बहुधा दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलेली हकिगतच निदानाला उपयोगी पडते. शिवाय बी ओलाव्याने फुगते.

पुठ्ठ्याला सव्वा इंच रुंदीचे भोक पाडा. त्यातून आरपार जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या आसपास नको. काम टेबलावर करावे, उठताना वस्तू मोजून डब्यात भराव्यात.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वर्षाच्या आतील मुलाला हातावर पालथे, डोके खाली धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे व त्याच वेळी कोणाला तरी वाहन आणायला पाठवावे. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

आता ब्रशविषयी. टोक काढायला तो ओठांत धरण्याची खोड मुलांना असते. 1917 नंतर अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुली असेच करीत. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, कित्येक दगावल्या. आपल्या रंगांत रेडियम नाही, पण शिसे असू शकते. घरगुती रंगांत ते दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीचे ऑइलपेंटचे उरलेले डबे माळ्यावर असतील तर ते मुलांना या कामासाठी देऊ नयेत.