तिघांची मैफल, आपल्या खोलीत

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. वर उड्डाणपूल, खाली वाहनांची अखंड रीघ. या परिसरातील ज्येष्ठांच्या कानांवर दिवसभर आवाज आदळत असतो. ऐकावे असे त्यात फारसे काही नसते. गुडघे साथ देईनासे झाले की कालिदास कलामंदिरही लांब वाटू लागते आणि मैफली सुटतात. संगीत भ्रमणध्वनीवर हवे तेवढे मिळते, पण चार माणसांत बसून ऐकण्याचे सुख त्यात सहसा नसते. ते थोडेफार परत देणारे एक ध्वनिमुद्रण आहे. मात्र ते जॅझचे आहे.

नाव ऐकून कपाळाला आठी घालण्याचे कारण नाही. हा सूर आपल्या कानांवरून पूर्वीच गेलेला आहे. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन कलावंत पियानो वाजवीत. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना सोबत घेतले, आणि त्या गाण्यांवर ज्यांनी तरुणपणी ठेका धरला, ते आज ऐंशी-नव्वदीत आहेत.

हे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१च्या रविवारचे. न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या लहानशा जागेत तिघांनी दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठकी केल्या. पियानोवर ३१ वर्षांचे बिल एव्हान्स, बोटांनी छेडायच्या उभ्या डबल बेसवर २५ वर्षांचे स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. ध्वनिक्षेपकांनी वादनाबरोबर पेल्यांची किणकिण, कुणाचे हसणे, हलक्या आवाजातल्या गप्पाही टिपल्या. सुरुवातीच्या एका रचनेत वीज क्षणभर गेली. तो खंड पुढे निघालेल्या संपूर्ण आवृत्तीत तसाच ऐकू येतो. आपल्याला तर ही गोष्ट अगदी घरचीच! स्टुडिओतल्या निर्दोष वादनात खोली नसते. इथे ती आहे, आणि ऐकणारा तिच्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

वाजवलेल्या रचनांपैकी बऱ्याच ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखल्या जातात. नाटक-चित्रपटांतली ही गाणी जॅझ कलावंतांनी आपलीशी केली, जशी आपल्याकडे नाट्यपदे ख्यालाच्या मैफलीत मानाने येऊन बसली. चाल ठाऊक असते. ती पुन्हा पुन्हा फिरून येताना प्रत्येक वेळी काय घडते, ते ऐकायचे. आवर्तन आणि सम ओळखणाऱ्याला हे निराळे शिकावे लागत नाही. सुरुवात ‘माय फूलिश हार्ट’ने करावी. १९४९च्या चित्रपटातले हे गाणे एव्हान्स अतिशय संथ, मूळ चालीला फारसे न सोडता वाजवतात. मोशन तारांच्या कुंचल्यांनी ड्रमवर नुसता स्पर्श करतात. लाफारोंचा बेस एरवी पियानोशी संवाद करतो, मध्येच त्याला अडवतोही. इथे मात्र तो थोडकेच बोलतो. तिघेही वाजवतात त्याहून अधिक ऐकत आहेत, असे वाटते.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेले. एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत. ध्वनिमुद्रणातली मंडळी मात्र निवांत आहेत. कुणी बोलते आहे, कुणी टाळ्या वाजवते आहे. दीर्घ आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीला या निवांतपणाची किंमत अधिक कळेल, असे मला वाटते.

अशा श्रवणाने आजार बरा होतो, असा दावा येथे नाही. मात्र वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच स्वर आधी हरपतात आणि एकाच वेळी पुष्कळ ध्वनी आले की गोंधळ होतो. तीनच वाद्ये असली की त्यांचा माग काढणे सोपे जाते. श्रवणयंत्र बोलणे ऐकू यावे म्हणून जुळवलेले असते, त्यामुळे पियानो कधी चिरका वाटतो. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना करता येते, ती तज्ज्ञांना विचारून घ्यावी. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेण्यापेक्षा खिडकी लावून घ्यावी. एका वेळी एकच रचना पुरे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला न दिसणाऱ्या माणसांच्या गप्पा आणि किणकिण अस्वस्थ करू शकतात. ती इकडेतिकडे पाहू लागली, कपडे चाळवू लागली तर लगेच बंद करावे. अशा वेळी तिच्या तरुणपणीचीच गाणी बरी. आजींनी बालगंधर्वच लावा म्हटले, तर बालगंधर्वच लावावेत. एव्हान्स शुश्रूषा करणाऱ्याने त्या झोपल्यावर, स्वतःसाठी ऐकावेत.