गावाचा मध्य आणि माडीवरचा दिवा

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात एक लाकडी जिना आहे. जिन्याखाली बाबांचे चहा-नाश्त्याचे छोटे हॉटेल, आणि जिन्यावर आम्ही. पहाटे खाली भट्टी पेटली, पोह्यांच्या फोडणीचा वास वर आला की माझी झोप मोडते. लहानपणापासून मला घड्याळाच्या गजराची गरज पडली नाही. भद्रावतीच्या जुन्या बाजारात पूर्वी बहुतेक घरे अशीच होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे. हॉटेल महामार्गावर न्यावे की इथेच ठेवावे? बाबा म्हणतात, "गिऱ्हाईक तिकडं गेलं. आपण इथं बसून कोणाले चहा पाजाव?" आई म्हणते, "घर कायले सोडाव? लेकरं इथंच वाढले." बाबांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईचे त्याहून कमी. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. एका रात्री जेवताना बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकून रायली ना, मग सांग." मी गप्प बसले. मला काहीच सांगता आले नाही. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून मी वाचायला लागले, विचारायला लागले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे.

बाजार का ओसरतो?

भद्रावती हे काही आजचे गाव नव्हे. भांदक या जुन्या नावाने ते इतिहासात येते. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट येथे मिळाला आहे. विजासनची बौद्ध लेणी त्याहूनही जुनी. रेल्वे आली तेव्हा स्टेशनाला भांदक हेच नाव मिळाले आणि ते आजही आहे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे माणसे कमी झालेली नाहीत. मग बाजार का ओसरला?

पहिले कारण चाकाचे आहे. जुना बाजार पायी चालणाऱ्या माणसासाठी आणि बैलगाडीसाठी वसला होता. ओळी अरुंद, दुकानांचे ओटे उंच, वर सज्जाची सावली. गावात मोटारसायकल आली, मग चारचाकी आली. गाडी जेथे उभी राहू शकते तेथे माणूस खरेदी करू लागला. नागपूर-चंद्रपूर महामार्ग लगतच असल्यामुळे दुकाने हळूहळू तिकडे सरकली.

दुसरे कारण राहण्याचे आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी आली, कोळशाच्या खाणी वाढल्या. नोकरदार माणूस क्वार्टरमध्ये राहू लागला. ज्याच्याजवळ चार पैसे जमले त्याने ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. जुन्या घरातील मुले लग्नानंतर तिकडे गेली. खाली दुकान उरले, वर गोदाम झाले. आमच्या ओळीत आज माडीवर राहणारी घरे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तिसरे कारण कागदाचे आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जुन्या घराची आखीव पत्रिका अनेकदा आजोबांच्याच नावावर असते. वारस दहा-बारा, कोणी नागपुरात, कोणी पुण्यात. सर्वांच्या सह्या मिळाल्याशिवाय घर विकता येत नाही, आणि बँकही कर्ज देत नाही. घरात जुना भाडेकरू असेल तर आणखी एक गाठ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करता येते. पण मूळ भाडेच शंभर रुपये असेल तर वाढ होते चार रुपयांची. त्यात छपराचे एक कवेलूही येत नाही. मालक म्हणतो, मी का दुरुस्त करू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी का करू? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे. मधल्या मध्ये पावसाळ्यात भिंत खचते.

सांगायचे तात्पर्य, जुना बाजार कोणा एकाच्या आळसाने ओस पडत नाही. चाक, घर आणि कागद या तिघांनी मिळून तो रिकामा केला आहे. म्हणून नुसता रंग लावून किंवा कमान उभारून तो भरणार नाही.

दोन गावे, दोन दुखणी

आपल्यापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर चंद्रपूर आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने वसवलेले हे नगर आजही परकोटाच्या आत नांदते आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, आणि बगड, विठोबा, हनुमान, चोर व मसन या पाच खिडक्या. पुस्तके घ्यायला मी चंद्रपूरला जाते तेव्हा जटपुरा गेटातून आत शिरताना नेहमी छाती दडपते. राजाच्या काळी हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या कमानीपाशी आता ऑटो, मोटारी आणि मोटारसायकली एकमेकांना रेटत असतात. पण आत गोल बाजारात गेले की गर्दी आहे, गिऱ्हाईक आहे, दुकानाच्या वर वाळत घातलेले कपडे आहेत. म्हणजे चंद्रपूरच्या जुन्या शहराला दम लागतो आहे, आणि आमच्या जुन्या बाजाराला झोप लागते आहे.

या परकोटाची एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बुरुजांवर झाडे वाढली होती, तटावर कचरा साचला होता. मार्च २०१७ मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी रोज सकाळी फावडी-घमेली घेऊन तट साफ करायला सुरुवात केली. शेकडो दिवस हे श्रमदान चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रधानमंत्र्यांनी 'मन की बात' मध्ये त्याचा उल्लेख केला. पुढे त्याच तटावरून लोकांना किल्ला दाखवणे सुरू झाले. जेथे नाक धरून जावे लागे तेथे लोक मुलांना घेऊन फिरायला जाऊ लागले. जुन्या वस्तीकडे माणूस वळवायचा असेल तर पहिली पायरी चालण्याची आहे, हे यावरून दिसते. पायाखाली घाण असेल तर वरची कमान कोण पाहील?

एकाच ओट्यावर दोन बाजार

या विषयावर वाचताना जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेचे नाव भेटले. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या जगण्या-मरण्यावर तिने १९६१ मध्ये पुस्तक लिहिले. त्या काळी तेथे जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि उंच इमारती बांधण्याचा सपाटा चालू होता. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसामुळे कमी आणि रस्त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे जास्त. दुकानदार, खिडकीतली आजी, ओट्यावर बसलेले म्हातारे हे सगळे नकळत पहारा देत असतात. हे डोळे दिवसभर, निरनिराळ्या वेळी हवे असतील तर एकाच जागी राहणे, खाणे आणि धंदा या तिन्ही गोष्टी हव्यात.

हे वाचले आणि मला आमची गल्ली आठवली. संध्याकाळी वाचनालयातून मी याच रस्त्याने परतते. पूर्वी दुकाने बंद झाली तरी माड्यांवर दिवे असत. कोणी हाक मारी, "कावं पोरी, आज उशीर झाला?" त्या हाकेचा तेव्हा राग येई. आता शटर पडले की रस्ता काळोखा होतो, आणि मी पावले भराभर टाकते. मुलीला रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने जावेसे वाटू लागले, की तो बाजार मरणाच्या वाटेला लागला असे समजावे. कारण बाजारात खरेदीला येणाऱ्यांत बायकाच अधिक असतात.

राहणे, खाणे आणि धंदा एकत्र कसा नांदतो याची उदाहरणे आपल्या देशातही आहेत. अहमदाबादच्या माणेक चौकात सकाळी गायींना चारा घालतात, दिवसा सोन्या-चांदीचा व्यापार चालतो, आणि रात्री तेथेच खाण्याच्या गाड्या लागतात. इंदूरच्या सराफ्यातही तसेच. सराफाचे शटर खाली आले की त्याच दुकानापुढे जिलबी आणि भुट्ट्याचा कीस मिळू लागतो. सराफांनाही हे सोयीचे, कारण रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ म्हणजे फुकटची राखण. यात नवीन इमारत बांधली नाही, जागा वाढवली नाही. एकच ओटा दिवसातून दोनदा वापरला, इतकेच.

वाहनांचे काय करावे, हाही प्रश्न आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला, तेव्हा धंदा बुडेल म्हणून दुकानदारच विरोधात होते. पुढे त्याच रस्त्यावरची गर्दी वाढली. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. दिल्लीच्या चांदणी चौकाचे नवे रूप त्याच वर्षी लोकांसाठी खुले झाले. दिवसा तेथे मोटारींना बंदी केली. अर्थात भद्रावती म्हणजे दिल्ली नव्हे. आपल्याकडे अख्खा रस्ता बंद करण्याची गरजही नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी एक ओळ गाड्यांपासून मोकळी ठेवली, आणि बाजाराच्या तोंडाशी गाड्या उभ्या करायला जागा दिली, तरी फरक कळेल. जमले तर वाढवावे, न जमले तर सोडून द्यावे.

आपल्या हातात काय आहे?

कोणी म्हणेल, भद्रावतीला गिऱ्हाईक कोठून आणणार? माझे उत्तर असे की ते रोज येते आणि आपल्या दारावरून निघून जाते. केसरियाजी पार्श्वनाथाच्या जैन मंदिरात दूरदूरचे यात्रेकरू येतात. भद्रनागाला नागपंचमीला गर्दी होते. विजासनची लेणी पाहायला अभ्यासू लोक येतात. ताडोबाला जाणाऱ्या गाड्या जवळून जातात. यात्रेकरू मंदिर पाहतो आणि गाडीत बसून निघून जातो. मंदिरांपासून बाजारापर्यंत सावली असलेली, नाली झाकलेली, दिवे असलेली एक पायवाट असती तर तो चार पावले चालला असता. येथे ग्रामोदय संघ १९५५ पासून मातीकामाचे शिक्षण देत आला आहे. भद्रावतीच्या मातीची वस्तू भद्रावतीच्याच बाजारात पाहुण्याच्या सहज नजरेस पडू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

फेरीवाल्यांचाही विचार या ठिकाणी केला पाहिजे. बाजार सुधारायचा म्हटले की पहिला हातोडा हातगाडीवर पडतो. आमच्या ओळखीच्या एका भाजीवालीची टोपली एकदा रस्ता मोकळा करण्याच्या नावाखाली उचलून नेली. ती चार दिवस घरी बसली, आणि त्या चार दिवसांत आमच्या कोपऱ्यावर कोणी थांबेनासे झाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने आता ठरवले आहे की आधी सर्वेक्षण, मग जागा. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे. साठ हजारांच्या गावात ही संख्या दीड हजार होते. जागा ठरवणाऱ्या समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असेही तो कायदा सांगतो. हे आमच्या भाजीवालीला कोणी सांगितले नव्हते. मलाही या लेखासाठी वाचले तेव्हाच कळले.

पण या सर्वांत मुख्य गोष्ट माझ्या मते माडीची आहे. रस्ता, दिवे, पायवाट हे नगरपरिषद करू शकते. माडीवर माणूस राहायला आला नाही तर रात्री नऊनंतर ते दिवे रिकाम्या रस्त्यावर जळतील. माणूस यावा म्हणून वारसांचे कागद एकदा नीट करण्यासाठी गावातच शिबिर घ्यावे. माडीची दुरुस्ती करून तेथे राहणाऱ्या किंवा भाडेकरू ठेवणाऱ्या घराला करात काही वर्षे सूट द्यावी. आपल्या कॉलेजात खेड्यांतून येणारी कितीतरी मुले-मुली खोली मिळत नाही म्हणून रोज एस. टी.ने ये-जा करतात. इकडे बाजारातल्या माड्या रिकाम्या आहेत. या दोन गोष्टी एकाच गावात असाव्यात, याचे मला नवल वाटते.

येथे आपलेही काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. या वर्षी एक काम आणखी करावे अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. जुन्या बाजारातील प्रत्येक माडीची नोंद करावी. कोणती राहती, कोणती बंद, बंद असेल तर का. गळते म्हणून, तंटा आहे म्हणून, की भाडेकरू मिळत नाही म्हणून. हे काम वही आणि पेन घेऊन होण्यासारखे आहे. रोग नेमका कळल्याशिवाय औषध कोण देणार?

बाबांना मी यातले बरेचसे सांगितले. कोपनहेगन त्यांना पटले नाही. "तिकडे थंडी राह्यते, लोक पायी फिरतेत. इथं मे महिन्यात कोण फिरते?" असे ते म्हणाले, आणि ते काही खोटे नाही. म्हणूनच सावलीचा मुद्दा मी नंतर या लेखात घातला. इंदूरचा सराफा मात्र त्यांनी दोनदा विचारला. आमच्या शेजारचे कापड दुकान आठला बंद होते. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी दोन बाकडी टाकली तर चालेल का, हे बाबा त्या काकांना विचारणार आहेत. महामार्गावरच्या गाळ्याची अनामत रक्कम अजून भरलेली नाही. उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची असे घरात ठरले आहे. तोवर मी आमच्या ओळीतल्या माड्यांची नोंद करायला सुरुवात केली आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी सकाळी हॉटेलात यावे. चहा आमच्याकडून.